ठकीच्या टाकीतलं ऊन पाणी

चार चाकं, प्रत्येक तीन फूट व्यासाचं. बाहेरच्या अंगाला दोन सिलिंडर, बारा इंची. दट्ट्याची धाव अठरा इंच. वाफेचा दाब चौरस इंचाला एकशे चाळीस पौंड. पाण्याची टाकी पाचशे गॅलनची, बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली. कोळसा अर्धा टन. सगळं भरून वजन वीस टन.

विक्रोळीला सिमेंटचे नळ करणारा एक कारखाना होता. पंचावन्न साली मी तिथं आराखडे काढत असे. कारखान्याच्या त्या छोट्या इंजिनाची ही मापं मीच टेप लावून घेतली आणि शाईनं कागदावर उतरवली. कागद हेड ऑफिसला जायचा होता. इंजिन ठेवायचं की भंगारात घालून मोटारलॉऱ्या घ्यायच्या, हे तिथं ठरणार होतं.

मी चाकाशी उकिडवा बसलो होतो आणि ड्रायव्हर लवू हातातल्या चिंध्यांनी पितळ पुसत माझ्यावर नजर ठेवून होता.

"काय लिवतास?" त्यानं विचारलं.

"मापं घेतोय."

"कशाक? झबला शिवतास काय तिका?"

मी हसलो. तो हसला नाही. मापं कशाला घेतात हे त्याला कळलेलं होतं. लाकूड मोजतात ते तोडण्याआधी.

लवू मालवणच्या बाजूचा. पोरवयात चुलत्यानं त्याला परळच्या एका गिरणीत चिकटवला. तिथल्या मागांचा खडखडाट त्याच्या डोक्यात इतका भरला की सुट्टीच्या दिवशी, सगळं शांत असताना त्याला भीती वाटायची. एका गावकऱ्यानं त्याला उचलून विक्रोळीला आणलं. तेव्हा इथं कारखान्याच्या भिंती, मिठागरं आणि खाडीची झुडपं एवढंच होतं. स्टेशनच्या मालधक्क्यापासून कारखान्यापर्यंत एक रूळ, आणि त्यावर हे इंजिन. ते सिमेंटच्या, वाळूच्या, कोळशाच्या वाघिणी ओढून आणायचं आणि नळ भरलेल्या वाघिणी परत नेऊन सोडायचं. लवूनं आधी कोळसा वाहिला, मग चाकं पुसली, मग धाकूच्या हाताखाली भट्टीत कोळसा घालायला लागला.

धाकू म्हणजे या इंजिनाचा पहिला ड्रायव्हर. इंजिनाला ठकी हे नाव त्यानंच दिलं. लाकडी बाहुलीसारखं ते गोल, ठेंगणं आणि मानेशिवायचं होतं. धाकू फार कमी बोले. उन्हाळा लागला की तो ओली गोणपाटं टाकीवर पसरायला लावी आणि लवूला दिवसभर ती भिजवत ठेवावी लागत.

"कशाक ह्या?" एकदा लवूनं विचारलं.

"तिका बरा वाटता," धाकू म्हणाला. यापलीकडे त्यानं काही सांगितलं नाही. म्हाताऱ्याचं खूळ, असं लवूनं धरलं. पुढं धाकू गावी गेला आणि तिथंच वारला. ठकी लवूच्या हाती आली आणि गोणपाटं फूटप्लेटवर, ड्रायव्हरच्या उभं राहायच्या जागी, बसायला कामी आली.

लवूजवळचा ड्रायव्हरचा परवाना कारखान्यापुरता होता. मोठ्या रेल्वेत त्याला कोणी दारात उभं केलं नसतं. पंचेचाळिशी उलटलेली, शिक्षण दुसरीपर्यंत. ठकी गेली तर फाटकावरची राखण किंवा गावी परत, एवढंच उरत होतं. पण त्याचं दुःख नोकरीपुरतं नव्हतं. ठकीखेरीज दुसरं काहीही आपल्याला येत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाज नव्हती. एखादा माणूस एकच अभंग आयुष्यभर म्हणतो, तसं ते होतं.

रुळाच्या अर्ध्या वाटेवर, कामगारांच्या चाळींपाशी एक विहीर होती. खाडी इतकी जवळ असून तिचं पाणी गोडं, आणि वर वडाची गच्च सावली असल्यामुळं भर उन्हाळ्यात दात कळवतील असं गार. दुपारच्या भाकरीला लवू ठकीला तिथं उभी करी. या थांब्यावर एक रीत सुरू झाली होती आणि ती लवूच्या घरातूनच निघाली होती.

ठकी लवूच्या हाती आली त्याच साली श्रावणात त्याची मुलगी अनुपमा जन्मली. त्या आठवड्यात लाकडं ओली होती आणि रेशनच्या दुकानात रॉकेल नव्हतं. चाळींची सुईण शेवंती. तिचा नवरा कारखान्यात नळांच्या साच्यांवर होता आणि तिथली निम्मी पोरं तिच्या हातांवर या जगात आली होती. ती रिकामा हंडा घेऊन थेट इंजिनापाशी आली.

"लवू, तुझ्या घरात चूल पेटत नाय आणि इथं एवढी थोरली चूल रुळावरून फिरवतोस. बाळंतिणीला काय गार पाण्यानं न्हाऊ घालू?"

लवूनं टाकीचा नळ सोडला. खोगीर टाकीखाली बॉयलर दिवसभर धगधगत असतो, त्यामुळं आतलं पाणी आपोआप तापतं. हात बुडवला तर सोसेल न सोसेल एवढं ऊन पाणी हंड्यात पडलं. सुगंधाची, लवूच्या बायकोची, पहिली अंघोळ त्या पाण्यानं झाली.

थोड्या वेळानं शेवंती परत आली. तिनं विहिरीतून हंडा शेंदला आणि ठकीवरच्या फायरमनकडे, दत्तारामकडे, वर केला.

"ओत टाकीत."

"टाकीत पाणी आसा गो, कशाक?"

"शेजारणीची वाटी कोण रिकामी परत देतं काय रे? ओत."

तेव्हापासून तो नेम झाला. कोणाची बाळंतीण, कोणाचा म्हातारा सांधे धरून बसलेला, कोणाचं तापातून उठलेलं पोर. दुपारी बायका यायच्या, एक हंडा ऊन पाणी न्यायच्या आणि एक हंडा गार पाणी टाकीत घालायच्या. कधी दोन. दत्ताराम वर उभा राहून हंडे घ्यायचा आणि प्रत्येकीची थट्टा करून शिव्या खायचा. लवू सावलीत बसून भाकरी खात हे बघत असे आणि त्याला आतून बरं वाटे. आयुष्यात त्यानं कोणाला काही दिल्याचं त्याला आठवत नव्हतं. इथं मात्र साऱ्या चाळी आपल्या हातून घेतात, असं त्याला वाटे. हे समाधान त्यानं मला एकदा बोलूनही दाखवलं होतं.

मग ते पंचावन्न साल आलं. कारखान्याचे इंजिनियर शरच्चंद्र टिपणीस, तरुण माणूस, सरळ बोलणारे. त्यांनी लवूला बोलावून सगळं उघड सांगितलं.

"हेड ऑफिसला लॉऱ्या हव्यात. मी म्हटलंय, उन्हाळाभर इंजिन बघू द्या. पण लवू, भरल्या वाघिणी घेऊन ती एकदा जरी वाटेत बसली, तरी मला तिच्या बाजूनं बोलता येणार नाही."

"नाय बसणार, साहेब."

आणि त्याच आठवड्यात इंजेक्टरनं त्रास दिला.

इंजेक्टर म्हणजे एक पितळी नळकांडं. बॉयलरमधलीच वाफ त्यातून जोरानं येते, टाकीतल्या पाण्याला गाठते आणि त्याला ढकलत बॉयलरात नेते. बॉयलरला पाणी पाजायचा तोच रस्ता. ठकीला असे दोन होते. डावा झिजून निकामी झाला होता आणि नवा विलायतेहून यायचा होता. उरलेल्या उजव्यानं त्या दुपारी पाणी घेईना, सगळं खाली रुळावर ओकून टाकलं. दोनचार वेळा खुंटी उघडझाप केल्यावर कसाबसा लागला. लवूचा चेहरा उतरला.

"लवूदादा, रागावू नकात तर सांगतंय," दत्ताराम म्हणाला. "खंडेनवमीक आमी हिका हळद-कुंकू लावतंव, नारळ फोडतंव. आणि त्याच टाकीत बाळंतिणीच्या घरचो हंडो ओततत. देवीक सोयर चलता काय? हिका विटाळ झालोहा."

लवूनं इंजेक्टर उघडून साफ केला होता. त्यात काही सापडलं नव्हतं. जिथं हाताला काही सापडत नाही तिथं माणूस असल्याच गोष्टींकडे वळतो. आणि त्याला दुसरीही एक भीती होती. साहेब बघत असताना बायका कंपनीच्या टाकीतून पाणी नेताहेत, हे बरं दिसेल का?

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंतीनं नेहमीसारखा ऊन पाण्याचा हंडा भरला. चाळीतली नलिनी पहिलटकरीण होती, तिसराच दिवस. हंडा नलिनीच्या दारात पोचवून शेवंती विहिरीवरून गार पाणी घेऊन आली, तर लवू टाकीपुढं उभा.

"नको शेवंते. आता नको. यापुढं ऊन पाणी पण नाय आणि ह्या गार पाणी पण नाय."

"का रे? काय झालं?"

लवू खाली बघत राहिला. दत्तारामनं सांगून टाकलं.

"विटाळ?" शेवंतीचा आवाज सगळ्या चाळींनी ऐकला. "अरे मेल्यांनो, तुम्ही काय आभाळातून टपकलात? तुझी अनू कशात न्हाली रे लवू? हा दत्ताराम कोणाच्या पोटातून आला, इंजिनाच्या?"

"तसा न्हय गो, पण..."

"आणि ही माझी परतफेड? ही तरी घे. मी ऊन पाणी नेलंय आज."

"नको."

ती हंडा घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं तो वडाच्या मुळाशी ओतला आणि मागं न बघता गेली. तिच्या चालण्यात राग होता, पण त्याहून जास्त अपमान होता. तिचं भांडं रिकामं राहिलं होतं.

रात्रीच्या जेवणाला सुगंधानं वाढलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "अनूक सांगू काय, तू विटाळात न्हाललंस म्हणान?"

लवू ताटावरून उठला.

विटाळ काढला तरी ठकी सुधारली नाही, उलट पुढच्या चार दिवसांत बिघडत गेली. सकाळी ठीक असायची. दुपार कलली की इंजेक्टर अडायचा. लवूनं उदबत्ती लावली, गावच्या देवाला नारळ बोलला, वाल्व्ह पुन्हा पुन्हा घासले. त्याचं जेवण तुटलं. वैशाखात रुळांवरची हवा थरथरत असे आणि तो पाण्याच्या काचेवरून नजर काढत नसे. बॉयलरात पाणी किती आहे ते ती काच दाखवते. पाणी तिच्या तळाखाली गेलं तर भट्टीचं छप्पर उघडं पडतं, तिथली शिशाची गुल्ली वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि इंजिन निकामी होतं. म्हणून त्याआधीच आग खाली पाडायची असते. आग पाडली की इंजिन वाचतं, पण जागच्या जागी बसतं. ठकीच्या बाबतीत या दोन्हींचा शेवट भंगारातच होता.

तो दिवस आला तेव्हा टिपणीस फूटप्लेटवर होते आणि मापं पडताळायला मीही बरोबर होतो. मागं सिमेंटच्या भरल्या वाघिणी. मालधक्क्यावरून निघालो तेव्हा काच अर्धी भरलेली होती. लवूनं इंजेक्टर उघडला. खालून फसफसून पाणी आणि वाफ बाहेर पडली. बंद केला, उघडला. पुन्हा तेच. चढ संपेपर्यंत काचेतलं पाणी बोटभर उरलं. विहिरीपाशी लवूनं ठकीला थांबवलं, कारण पुढं न्यायची त्याची छाती झाली नाही.

दत्तारामनं राखेचं दार लावून आग दाबली आणि लांब आकडी हातात घेतली.

"दादा, पाडू काय?"

लवूचा हात इंजेक्टरच्या खुंटीवर होता. टिपणीस म्हणाले, "लवू, पाडायला हवी."

"जरा थांबा साहेब. एकदाच."

विहिरीवर बायका होत्या. गाडी अशी कण्हत उभी राहिलेली त्यांनी पाहिली. शेवंती कडेवर हंडा घेऊन आली, सरळ पायरीवर चढली आणि तिनं टाकीला तळवा लावला. लगेच काढून घेतला.

"अगं बाई, हिला तर केवढा ताप चढलाय!"

"शेवंते, बाजूक हो," लवू ओरडला. "टाकीत पाणी आसा. पाणी कमी नाय!"

"मी कुठं म्हटलं कमी हाय? हिचा एक हंडा माझ्याकडं बाकी आहे. तेवढा घे आणि मग तुझं काय ते कर." आणि दत्तारामकडे वळून, "वर चढ रे विटाळ्या. तोंड काय बघतोस?"

दत्ताराम आकडी टाकून वर चढला. त्या घटकेला शेवंतीला नाही म्हणायचं बळ कोणातच नव्हतं. एक हंडा गेला. मागं उभी असलेली दुसरी म्हणाली, माझेही राहिलेत. मग तिसरी. कोणी शेंदत होती, कोणी हातोहात देत होती. नलिनीची सासू होती, चाळीतल्या पोरी होत्या. अर्ध्या रिकाम्या टाकीत विहिरीचं गार पाणी दणादण पडत होतं आणि लोखंड आतून वाजत होतं.

काचेत पाण्याची कड आता नुसती लुकलुकत होती. लवूनं शेवटची म्हणून खुंटी ओढली.

आधी फसफस. मग ती तुटली आणि एक बारीक, सलग सूर लागला. पाणी जायला लागलं होतं. खाली रुळावर एक थेंबही पडत नव्हता. काचेतली कड थरथरली आणि वर यायला लागली.

टिपणीसांनी वाकून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीला हात लावला, मग टाकीला लावला, आणि एकदम हसले.

"अरे, पाणी तापत होतं! वाफेला गार पाणी भेटलं तर ती निवते आणि जोर पाण्याला देते. पाणीच कढत असेल तर ती निवणार कशी? कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात हे. माझ्या डोक्यातच आलं नाही. पण लवू, दर उन्हाळ्यात तुम्ही काय करत होतात?"

लवूनं आठवून पाहिलं. इंजेक्टर पहिल्यांदा अडला त्या दिवशी चाळीत लग्न होतं आणि विहिरीवर कोणी फिरकलं नव्हतं. मग त्याला धाकूची गोणपाटं आठवली. मोठ्या रेल्वेवरच्या कुठल्याही ड्रायव्हरला जे दुसऱ्या उन्हाळ्यात कळलं असतं, ते याला इतक्या वर्षांत कळायची वेळच आली नव्हती. बायकांनी ती येऊ दिली नव्हती. तो भाकरी खात, दात्याच्या ऐटीत सावलीत बसायचा, आणि समोर त्या ऊन पाणी काढून गार पाणी भरत त्याची गाडी, त्याची भाकरी चालू ठेवत होत्या.

"मी काय करीत नव्हतंय, साहेब," तो म्हणाला. "ह्यांनी केल्यानी."

तो खाली उतरला. शेवंतीपुढं उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. चाळीतल्या कोणी त्याला असं करताना पाहिलं नव्हतं. शेवंती अवघडली.

"चल, हो बाजूला. हात काळे आहेत तुझे." मग हंडा पुढं करून म्हणाली, "नलिनीला अंघोळ नाय झाली चार दिवस धड. पाणी देतोस की अजून सोवळ्यात आहेस?"

"दे हंडो," लवू म्हणाला. त्यानं तो स्वतःच्या हातानं भरला आणि नलिनीच्या दारापर्यंत वाहून नेला. वाघिणी तोवर उभ्या होत्या. टिपणीसांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "रिपोर्टमध्ये काय लिहू? वाटेत बसली म्हणून?"

"बसली कुठं? पाणी प्यायला थांबली," ते म्हणाले. माझ्या कागदावर, पाचशे गॅलन या आकड्याशेजारी, त्यांनी स्वतः शेरा लिहिला: उन्हाळ्यात दुपारी विहिरीचे गार पाणी भरणे, चाळीतील स्त्रियांचे साहाय्य घेणे. हेड ऑफिसला तो कागद कसा वाटला कोण जाणे. नवा इंजेक्टर बोटीनं आला, ठकी आणखी काही वर्षं राहिली, आणि लवूही.

मी पुढं ती नोकरी सोडली. बरीच माणसं विसरलो. पण त्या वर्षीची खंडेनवमी मला लख्ख आठवते. ठकीची आग विझवलेली, चाकांना हळद-कुंकू, धुराड्याला झेंडूची माळ. दरवर्षी पूजा कारखान्याच्या शेडमध्ये व्हायची. त्या वर्षी लवूनं आदल्या दिवशीच ठकीला विहिरीपाशी आणून उभी केली होती. नारळ विहिरीच्या काठावर ठेवला आणि मालवणी रीतीनं गाऱ्हाणं घातलं. तो एकेक ओळ म्हणे आणि जमलेले साद देत.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या जा काय नारळ-फूल ठेवलंव, ता गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या ठकीच्या पोटात आग सुखान ऱ्हवांदे, पाठीर पाणी गार ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा!" दत्तारामचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आमी देतंव म्हणान मिरवलंव, आणि घेय होतंव ता आमका कळाक नाय. ती चूक पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बावडेर पाणी भरणारी जी काय बायकामाणसां आसत, त्येंच्या हंड्याक कधी तळ दिसाक देव नको, म्हाराजा."

यावर बायकांच्या घोळक्यातून, पुरुषांच्या आधी, शेवंती ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि सगळे हसले.

प्रसाद वाटून झाल्यावर ती हंडा शेंदून ठकीपाशी आली.

"आज आग नाय गो," लवू म्हणाला. "आज ती गारच आसा. ऊन पाणी कोणी न्हेला नाय."

"माहीत आहे. पण सणाच्या दिवशी हिच्याकडे रिकाम्या हातानं येऊ का?"

लवूनं हंडा घेतला, वर चढला आणि झाकण उघडून पाणी हळूच आत सोडलं.